दोन वर्षं आधी आलेला स्कॅन : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

रुग्ण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या, जांबोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. वय साठीच्या पुढे, आयुष्यभर भातशेती, दारात जनावरं, चूल लाकडाची, तंबाखूचं कसलंच व्यसन नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे मावशी म्हणतो. समोरही तेच म्हणत होतो.

2022 च्या पावसाळ्यात कोरडा खोकला सुरू झाला आणि चढ चढताना धाप लागू लागली. गावाकडच्या डॉक्टरांनी आधी टीबीच्या दृष्टीने तपासलं. आपल्याकडे ते करायलाच हवं, आणि त्यात काही निघालं नाही. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की श्वास घेताना व्हेल्क्रोची पट्टी उघडल्यासारखी चरचर ऐकू येत होती, म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये बेळगावात एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारीक कापांचा सीटी स्कॅन, झाला. दोन्ही फुफ्फुसांत बारीक जाळी, अधूनमधून ग्राउंड ग्लासचा, म्हणजे घासलेल्या काचेसारखा, धूसरपणा. रिपोर्टमध्ये 'आयएलडी, बहुधा आयपीएफ' असं आलं.

आयएलडी हे एका आजाराचं नाव नाही, मोठ्या कुळाचं आहे. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमधल्या पातळ भिंती सुजतात, मग त्यात व्रणासारखे तंतू धरतात आणि फुफ्फुस ताठर होतं. आयपीएफ हा त्या कुळातला सगळ्यात वाईट गडी: कारण सापडत नाही आणि तंतू वाढतच जातात. पण भारतात आयएलडी दिसला की पहिलं नाव आयपीएफचं घ्यावं अशी परिस्थिती नाही. देशातल्या 27 केंद्रांमधल्या 1,084 रुग्णांची नोंद 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 47.3 टक्के रुग्ण हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिसचे, म्हणजे एचपीचे होते आणि आयपीएफचे फक्त 13.7 टक्के. एचपीला कारण असतं: बुरशी, कबुतरांची विष्ठा, कूलरमधलं साचलेलं पाणी, असं श्वासातून आत जाणारं काहीतरी. ते सापडलं तर बंद करता येतं. या प्रकरणाचा सगळा पीळ या फरकात आहे.

डिसेंबर 2023 मध्ये दुसरा स्कॅन दुसऱ्या सेंटरवर काढला गेला. रिपोर्ट आला, 'आजारात लक्षणीय वाढ'. दोन्ही फुफ्फुसं खालून पांढुरकी दिसत होती.

मावशींचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या एका मित्राकडे संशोधनासाठी खुल्या असलेल्या कोडवर उभं केलेलं एक जनरेटिव्ह मॉडेल, म्हणजे नवी चित्रं बनवणारा एआय प्रोग्राम, होतं. त्याला वेगवेगळ्या तारखांचे दोन स्कॅन, वय, लिंग आणि एफव्हीसी, म्हणजे एका दमात जोर लावून बाहेर टाकलेली हवा किती लिटर, एवढं दिलं की ते पुढच्या तारखेचा स्कॅन 'काढून' देतं. मुलाने डिसेंबर 2025 मागितला. जे चित्र आलं त्यात दोन्ही फुफ्फुसांचे खालचे भाग हनीकोंबिंगने, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्यांनी, भरलेले होते. चित्र नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं, तिथून मामांकडे, मामांकडून एका ओळखीच्या फार्मासिस्टकडे, आणि आठवड्याभरात माझ्याकडे. सोबतचा मेसेज असा: 'सर, आईचं 2025 ला असं होणार आहे. फुफ्फुस बदलायला नाव नोंदवायचं का? शेत विकायची तयारी आहे.'

'होणार आहे' हे क्रियापद लक्षात ठेवा. मॉडेलने एफव्हीसीचा आकडा दिला असता तर त्या शेजारी अधिक-उणेची खूण आली असती. चित्राला ती सोय नाही. एक ग्रुप म्हणून त्या घराने चित्राकडे फोटोसारखंच पाहिलं, आणि त्यात त्यांचा दोष काही नाही. ते तसंच दिसावं म्हणून बनवलेलं असतं.

तर ते बनतं कसं? सीटीतल्या प्रत्येक बिंदूला हाउन्सफिल्ड एककात आकडा असतो: हवा उणे 1000, पाणी 0, आणि निरोगी फुफ्फुस या दोन्हींच्या मध्ये, हवेच्या बरंच जवळ. 512 गुणिले 512 बिंदूंचे 300 काप धरले तर एका स्कॅनमध्ये जवळपास 7 कोटी 86 लाख आकडे होतात. इतका ऐवज ग्राफिक कार्डाच्या मेमरीत मावत नाही, म्हणून स्कॅन आधी लहान करतात आणि मग मॉडेल त्याला आणखी दाबून एका आटोपशीर सांकेतिक रूपात आणतं. आधीच्या शेकडो रुग्णांच्या तारीखवार स्कॅनवरून ते शिकलेलं असतं की काळ सरकतो तसं हे सांकेतिक रूप कुठल्या वाटेने सरकतं. नव्या रुग्णाला त्या वाटेवर ठेवायचं, पुढे सरकवायचं आणि तिथून पुन्हा स्कॅन उलगडायचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने आयपीएफसाठी असंच काम केलं आहे. काळाची वाट ते अवकल समीकरणाने बांधतात, म्हणजे मधल्या कुठल्याही तारखेचा स्कॅन मागता येतो. उलगडण्यासाठी कुणी 2014 मध्ये आलेली जीएएनची पद्धत वापरतं, कुणी 2020 नंतर गाजलेली डिफ्युजनची. मुलाच्या मित्राचं मॉडेल डिफ्युजनचं होतं.

या कामात एक मेख आहे. त्या मॉडेलमध्ये स्कॅन 128 बिंदूंच्या घनात आणला होता. छातीची रुंदी 300 मिलिमीटर धरली तर एक बिंदू सुमारे 2.3 मिलिमीटरचा. हनीकोंबिंगच्या पोकळ्या साधारण 3 ते 10 मिलिमीटरच्या आणि त्यांच्या भिंती 1 ते 3 मिलिमीटरच्या. म्हणजे कित्येक भिंती एका बिंदूपेक्षा बारीक. तरीही शेवटच्या चित्रात त्या लख्ख दिसत होत्या, कारण चित्र परत मोठं करताना बारीक जाळी मॉडेल आपल्या शिकलेल्या नमुन्यांतून भरतं. ती मावशींच्या फुफ्फुसातून आलेली नसते. असं भरणं किती अंगाशी येऊ शकतं हे कोहेन, लक आणि होनारी यांनी 2018 मध्येच दाखवलं होतं. एका प्रकारचं वैद्यकीय चित्र दुसऱ्या प्रकारात बदलणाऱ्या मॉडेलने शिकवणीतल्या चित्रांच्या प्रमाणानुसार मेंदूतल्या गाठी घातल्या किंवा पुसून टाकल्या होत्या.

पण आमच्या प्रकरणात मॉडेलपर्यंत जाण्याआधीच गाडं अडलं, ते एफव्हीसीवर. ऑक्टोबर 2022 मध्ये मावशींची एफव्हीसी 1.78 लिटर होती, डिसेंबर 2023 मध्ये 1.72. फरक 60 मिलिलिटर. स्पायरोमेट्रीत, म्हणजे ही हवा मोजायच्या फुंकीच्या चाचणीत, एकाच बैठकीतल्या दोन चांगल्या फुंकांमध्ये 150 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालवून घेतात. म्हणजे फुंकीच्या हिशेबाने चौदा महिन्यांत जवळजवळ काही घडलेलं नव्हतं आणि स्कॅनच्या हिशेबाने निम्मं फुफ्फुस गेलं होतं. दोन्ही खरं असू शकत नाही.

अशा वेळी मी रोगाकडे बघायच्या आधी श्वासनलिकेकडे बघतो. तिच्या पुढच्या आणि बाजूच्या भिंतीत कूर्चेच्या कमानी असतात. मागची भिंत मात्र नुसत्या पडद्याची. छाती भरून श्वास घेतलेला असला की हा पडदा मागे फुगतो आणि कापावर नलिका गोल दिसते. श्वास सुटला की पडदा आत येतो. 2022 च्या स्कॅनमध्ये नलिका गोल होती. 2023 च्या स्कॅनमध्ये मागची बाजू सपाट होऊन आत झुकली होती. स्कॅन अर्ध्या श्वासात काढला गेला होता, आणि हवा कमी असली की निरोगी फुफ्फुससुद्धा पांढरं दिसतं.

नुसत्या नजरेवर सोडू नये म्हणून हिशेब केला. हाउन्सफिल्डच्या सरासरीत 1000 मिळवून 1000 ने भागलं की घनता ढोबळमानाने ग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मिळते. पहिल्या स्कॅनमध्ये फुफ्फुसांचं आकारमान 3.4 लिटर आणि सरासरी उणे 790, म्हणजे घनता 0.21 आणि वजन 714 ग्रॅम. दुसऱ्यात आकारमान 2.3 लिटर, सरासरी उणे 690, घनता 0.31, वजन 713 ग्रॅम. तंतू खरंच वाढले असते तर वजन वाढायला हवं होतं. वाढलं नव्हतं. तेवढंच फुफ्फुस कमी जागेत बसलं होतं, म्हणून दाट दिसलं. हा कागदावरचा दोन मिनिटांचा हिशेब आहे, आणि 'लक्षणीय वाढ' लिहिण्याआधी तो कुणीतरी करायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

स्कॅनच्या वेळी काय झालं ते मावशींनाच विचारलं. "मशीन कायतरी इंग्लिशमदी बोलली. मी आपली गप्प पडून रायले. परत बोलली, तवा उठू काय म्हून इचारलं."

मशीनमध्ये रेकॉर्ड केलेली सूचना असते, श्वास घ्या आणि धरून ठेवा. ती कुठल्या भाषेत लावायची हे त्या सेंटरवर ठरतं. आमच्या भागात एकाच बाकावर मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारे रुग्ण बसलेले असतात. बहुतेकांना दोन-तीन भाषा बाजारापुरत्या येतातही. इंग्रजी सूचना मात्र कुणाच्याच घरची नाही. ती लावून ठेवली की सगळ्यांची सारखीच गैरसोय होते, हाच काय तो समान न्याय!

तर त्या मॉडेलला दोन तारखांचे स्कॅन मिळाले होते, एक भरल्या श्वासातला आणि एक अर्ध्या श्वासातला. त्याने मधला फरक आजाराची वाढ म्हणून घेतला आणि त्याच वेगाने पुढची दोन वर्षं रंगवली. गणित बरोबर, दिलेला माल चुकीचा. आकारमान तपासून असा स्कॅन अडवणारी चाळणी आत बसवलेलीच नव्हती.

आता गंमत अशी की याच बिघडलेल्या स्कॅनने निदान दिलं. श्वास सुटला की फुफ्फुस सगळीकडे सारखं पांढुरकं व्हायला हवं. मावशींच्या त्या कापांवर मधूनमधून चण्याएवढे ते बोराएवढे काळे तुकडे तसेच उरले होते. तिथली हवा बाहेर पडलीच नव्हती. बारीक श्वासनलिका सुजून तिचा रस्ता अडला होता. एका कापावर पांढरा, करडा आणि काळा असे तीन रंग शेजारी शेजारी. ही खूण एचपीकडे बोट दाखवते. अमेरिकन, जपानी आणि लॅटिन अमेरिकन श्वसनविकार संघटनांची 2020 ची मार्गदर्शिका एचपीच्या संशयात भरल्या श्वासाचा आणि सोडलेल्या श्वासाचा असे दोन्ही स्कॅन काढायला सांगते, ते याच खुणेसाठी. आमच्या हाती दुसरा आपसूक आला होता. आणि मॉडेलच्या डिसेंबर 2025 च्या चित्रात हे काळे तुकडे पुसले गेले होते! मॉडेल आयपीएफच्या रुग्णांवर शिकलेलं. अडकलेल्या हवेचा नमुना त्याच्या ओळखीचाच नव्हता, म्हणून त्याने तिथे आपल्या ओळखीची जाळी भरली.

मग प्रश्न विचारायचे राहिले. कबुतरं? नाहीत. कूलर? खानापूरच्या हवेत कूलर कशाला. वैरण कोण घालतं? "मीच की." पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, कुठे ठेवता? गोठ्याच्या वरच्या माळ्यावर. आधीच्या सुगीत भात कापून पडलेलं असताना अवकाळी पाऊस झाला होता, पिंजर दमटच चढवलं होतं. पावसाळ्यात जनावरं बाहेर जात नाहीत, तेव्हा रोज दोन वेळा तिथून पेंढ्या ओढायच्या. ओढताना पांढरा धुरळा उठतो आणि संध्याकाळी अंगात कणकण येते. ही कणकण खोकल्याच्या आधीपासून होती. तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

दमट वैरण रचली की आतून तापते, आणि त्या उष्णतेत वाढणारे जिवाणू, मुख्यतः सॅकरोपॉलिस्पोरा रेक्टिव्हर्गुला, धुरळ्यातून छातीत जातात. जगभर याला 'फार्मर्स लंग' म्हणतात. आमच्या ओपीडीत हे निदान जितकं व्हायला हवं तितकं होत नाही. शेतकरी बाईचा खोकला म्हटलं की टीबी, दमा किंवा चुलीचा धूर यांच्यापुढे प्रश्न जात नाहीत.

फेब्रुवारी 2024 मध्ये स्कॅन पुन्हा काढला. तंत्रज्ञाने टेबलावर घेण्याआधी मावशींकडून चार वेळा सराव करून घेतला, रेकॉर्डिंग बंद ठेवून स्वतः मराठीत सूचना दिल्या. भरल्या श्वासात फुफ्फुसं 3.3 लिटर भरली. जाळी 2022 पेक्षा किंचित जास्त होती, ग्राउंड ग्लास तेवढंच. सोडलेल्या श्वासाचे मोजकेच काप किरणांच्या कमी मात्रेत घेतले. त्यात काळे तुकडे स्पष्ट आले. लॅव्हेजमध्ये, म्हणजे फुफ्फुसात सोडून परत ओढलेल्या द्रवात, लिम्फोसाइट्स नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर निघाल्या, संधिवाताच्या चाचण्या कोऱ्या आल्या. छातीविकार, रेडिओलॉजी आणि संधिवात अशा तिघांनी एकत्र बसून फायब्रोटिक, म्हणजे तंतू धरलेला, एचपी हे निदान नक्की केलं.

मुलाला मी एक विनंती केली. मॉडेल पुन्हा चालवा, नवा स्कॅन द्या, आणि एकदा नाही, तीस वेळा चालवा. डिफ्युजन मॉडेलची सुरुवात दर वेळी नव्या यादृच्छिक गोंगाटापासून होते, त्यामुळे तोच माल देऊनही दर वेळी वेगळं चित्र येतं. तीस चित्रांत तंतूंनी व्यापलेला भाग सगळ्यात कमी 9 टक्के आणि सगळ्यात जास्त 31 टक्के निघाला. प्रत्येक चित्र तितकंच धारदार, तितकंच खात्रीचं दिसणारं. मुलगा सॉफ्टवेअरमधला असल्यामुळे हे त्याच्या पटकन लक्षात आलं, आणि ग्रुपवर गेलेल्या चित्राचे असे किती भाऊबंद होते हा प्रश्न त्यानेच विचारला.

कॅगल या संकेतस्थळावर 2020 मध्ये पल्मनरी फायब्रोसिसची एक स्पर्धा झाली होती. पहिल्या स्कॅनवरून आणि रुग्णाच्या माहितीवरून पुढच्या आठवड्यांमधली एफव्हीसी सांगायची, आणि प्रत्येक आकड्यासोबत आपली खात्री किती हेही सांगायचं. गुणदान असं की खोटी खात्री दाखवली तर जास्त मार बसे, आणि 70 मिलिलिटरच्या आतली खात्री दाखवून काही फायदा नव्हता, कारण मोजणीच तेवढी नेमकी नसते. स्कॅन रंगवणाऱ्या मॉडेलांना अशी शिस्त लावणं अवघड आहे. तरी निदान पंधरा-वीस चित्रं आणि 'कुठे सगळ्यांचं एकमत, कुठे नाही' असा एक नकाशा सोबत असल्याशिवाय असं चित्र कुणाच्या फोनवर जाऊ नये, असं मला वाटतं.

दुसरा एक मुद्दा थोडक्यात. पेनड्राइव्हवरच्या डायकॉम, म्हणजे मूळ स्कॅनच्या, फाइली जशाच्या तशा पाठवल्या गेल्या होत्या. त्यांच्या मथळ्यात रुग्णाचं नाव, जन्मतारीख, सेंटर, मशीन, कापाची जाडी सगळं असतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2023 मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत गोपनीयता आणि संमती ठळकपणे आहे. मुलाने आईला विचारलं होतं का? "आईला काय कळतंय त्यातलं, सर," असं उत्तर आलं. मावशी शेजारीच बसल्या होत्या.

निर्णयाकडे येतो. ट्रान्सप्लांटचा विषय त्याच दिवशी संपला. तंतू रोखणाऱ्या औषधांचा विषय खरा होता. पिरफेनिडोन भारतात 2010 पासून मिळतं, निनटेडॅनिबचा आधार जास्त भक्कम आहे: वाढत्या फायब्रोसिसच्या रुग्णांवरच्या 2019 च्या चाचणीत औषध घेणाऱ्यांची एफव्हीसी वर्षाला सरासरी 81 मिलिलिटरने घटली, न घेणाऱ्यांची 188 ने. उतार मंदावतो, गेलेलं परत येत नाही. पिरफेनिडोनने उन्हात त्वचा भाजते, आणि मावशींचा दिवस शेतात जातो. निनटेडॅनिबने जुलाब होतात. शिवाय खर्च महिन्यामागून महिने चालतो. महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकाचं कार्ड आहेच. पण दोन्हींचा भर भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर. रोजच्या गोळीसाठी दोन राज्यांचे कागद असूनही खिशातच हात घालावा लागतो.

वाढ सिद्ध नसताना हे सुरू करण्यात अर्थ नव्हता. आधी माळा रिकामा केला. पिंजर बाहेर, उंचवट्यावर, वाळवून गंजी घालून ठेवायचं आणि मावशींनी त्याला हात लावायचा नाही. सोबत काही महिने स्टेरॉइड, हळूहळू कमी करत बंद. वैरणीचं काम सुनेकडे गेलं. तिच्या फुफ्फुसांचं काय, हे कुणी बोललं नव्हतं. तिला एन 95 मास्क दिला आणि तिचीही स्पायरोमेट्री करून ठेवली.

डिसेंबर 2025 मध्ये खरा स्कॅन झाला. ग्राउंड ग्लास बरंच निवळलं होतं, जाळी 2024 एवढीच, हनीकोंबिंग कुठेच नाही. एफव्हीसी 1.74 लिटर. पहिल्या चित्राशी तुलना करण्यात हशील नाही, त्याचा पायाच चुकला होता. पण सुधारलेल्या स्कॅनवरून काढलेल्या तीस चित्रांतही खऱ्या स्कॅनइतकं निवळलेलं फुफ्फुस एकही नव्हतं. सगळ्यात सौम्य चित्रही 2024 पेक्षा वाईट होतं. ज्या रुग्णांवर मॉडेल शिकलं त्यांच्यात कुणाचं फुफ्फुस असं निवळलं नसावं. धुरळा थांबवला तर काय होईल, हा प्रश्न त्याला विचारायला जागाच नाही. वय आहे, लिंग आहे, एफव्हीसी आहे, पिंजर नाही. ही उणीव भरून निघू शकेल, पण त्यासाठी एचपीचे, आपल्याकडचे, कारण बंद केल्याची तारीख लिहिलेले स्कॅन लागतील. अशी तारीख आमच्या केसपेपरवर आजवर कुठे लिहिली जात होती?

आता लिहितो. शिवाय रिपोर्टमध्ये 'श्वास: पूर्ण / अपुरा' अशी एक ओळ आणि फुफ्फुसांचं आकारमान टाकायला सुरुवात केली आहे. मुलाच्या मित्राने आपल्या मॉडेलमध्ये चाळणी बसवली: दोन स्कॅनच्या आकारमानात मोठी तफावत असेल तर ते चित्र द्यायला नकार देतं.

तंतू रोखणारं औषध मावशींना अजून दिलेलं नाही. धाप वाढणं, फुंकीतली घट, स्कॅनवर वाढलेली जाळी, या तीनपैकी दोन गोष्टी एका वर्षाच्या आत दिसल्या तर सुरू करायचं. फुंकीतली घट म्हणजे एफव्हीसी अपेक्षित टक्केवारीच्या 5 अंकांनी उतरणं, 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे. दर चार महिन्यांनी स्पायरोमेट्री, स्कॅन गरज पडली तरच. हे या वेळी मुलाला नाही, मावशींना समजावून सांगितलं, आणि कागद त्यांच्या हातात दिला.